भाऊशेठचा कान

आमच्या वाडीत एकच जुनी जीप, चारही चाकांनी ओढणारी. आजारी माणूस घाटाखाली न्यायचा तर तीच. तिची मालकीण ठकूबाई. चढावर जीप खडखडायला लागली, तशी ठकूबाईनं नि मी ती तालुक्याला भाऊशेठच्या गॅरेजात नेली. शेठचा त्या जीपवर कधीपासून डोळा आहे, असा ठकूबाईला संशय होता.

शेठनं जीप चालवत एक फेरी मारली आणि खाली न वाकताच सांगितलं, "पुढची चाकं फिरवणारा शाफ्ट गेला, मावशी. तोच ओरडतोय. आता ही भंगारच. माझ्याकडं टाकून जा."

"पुढचाच ना? नीट ऐकलंत?"

"माझा कान चुकत नाही."

ठकूबाईनं सावकाश मागच्या सीटवरचं पोतं बाजूला केलं. खाली तो लांब शाफ्ट पडलेला.

"घरीच खोलून ठेवला होता, शेठ. मागच्या दोन चाकांवर आलो आम्ही. हा तर इथं गप झोपलाय. मग तुमच्या कानात कोण ओरडलं?"

शेठ जीपखाली शिरला. बऱ्याच वेळानं खालून आवाज आला, "मागच्या शाफ्टचा सांधा झिजलाय, मावशी. तेवढा बदलला की झालं."

ठकूबाई खाली वाकली. "हात लावून सांगताय, की हेही ऐकूनच?"