कोऱ्या भिंतीवरची वंशावळ

एका राज्यात, जिथे साळुंक्या माणसांहून शहाण्या होत्या (आणि ते फारसं अवघड नव्हतं म्हणा!), राजा भद्रसेन आणि त्याची आठ वर्षांची लेक कुमुदिनी राहत. तिच्या बारशाला कपोत नावाचा जादूगार आला होता, पण गर्दीत त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही. तो चिडला आणि शाप पुटपुटून गेला, "या पोरीला दहा पावलांपलीकडचं सारं धूसर दिसेल, आणि ते कुणाच्या ध्यानातही येणार नाही!"

झालं तसंच. कुमुदिनी खांबाला मुजरा करी. तिचा बाण राजगुरूंची पगडी घेऊन गेला. पण तिला काय ठाऊक? तिला वाटे, सगळ्यांनाच जग असं दिसतं. दरबारात सिंहासन तिच्यापासून तीस पावलं दूर, आणि त्यावर बाबांच्या जागी नुसता एक पिवळा ढग. बाबा आपल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, असं वाटून तिला रडू येई.

शेवटी राजगुरू म्हणाले, "महाराज, कन्या मठ्ठ आहे. दसरा झाला की दूरच्या आश्रमात धाडा."

राजा वैद्यराजांकडे वळला. "वैद्यराज, आधी तिचे डोळे तपासा."

तिथली रीत अशी, की वीस पावलांवरच्या भिंतीवर लिहिलेली राजवंशावळ मुलाने वाचून दाखवायची. आता ती वंशावळ तर पोरांना पाळण्यातच पाठ होई! कुमुदिनीने अकराही राजे घडाघडा म्हटले.

"शाब्बास!" म्हातारे वैद्यराज डोलले. "नजर गरुडाची आहे."

झुंबरावरची साळुंकी खो खो हसली. "अहो वैद्यराज, दसऱ्यासाठी कालच भिंतीला चुना दिलाय. तिथे एक अक्षर नाही!"

वैद्यराजांनी भिंतीला नाक लावून खात्री केली. नाक पांढरं झालं.

साळुंकी म्हणाली, "कपोताच्या गुहेत स्फटिकाच्या दोन चकत्या आहेत. त्या डोळ्यांवर चढल्या की शाप सुटेल. मात्र ज्याचे डोळे त्यानेच जायचं, आणि वाटेत तीन संकटं आहेत."

साळुंकीला खांद्यावर घेऊन कुमुदिनी निघाली. पहिल्या वळणावर वाघ दबा धरून होता. तिला ती गवताची गंजी वाटली, म्हणून गुणगुणत पुढे गेली. वाघच बावरला. दुसऱ्या वळणावर राक्षस हात पसरून उभा. "अगं बाई, केवढा डेरेदार वड!" ती म्हणाली. हजार वर्षांत झालेलं हे पहिलं कौतुक! राक्षस लाजला आणि वाटेतून बाजूला झाला. तिसरं संकट गुहेच्या दाराशी बसलेलं, पांढऱ्याशुभ्र केसांचं.

"आजी, नमस्कार! पाणी मिळेल का?"

कपोत आधी भडकला, मग त्याला हसू आवरेना. "मला कुणी आपणहून नमस्कार केला नव्हता गं, पोरी. आजी तर आजी!" त्याने पाणी दिलं, चकत्या दिल्या, आणि म्हणाला, "दरबारात आपल्या जागी बसून चढव, शाप सुटेल."

कुमुदिनी दरबारात आपल्या जागी येऊन बसली. तिने चकत्या डोळ्यांवर चढवल्या. पिवळा ढग गेला. तीस पावलांवर बाबा होते, तिच्याचकडे बघत होते आणि हसत होते.

"बाबा, तुम्ही रोज असेच हसता?"

"रोज, बाळा."

ती धावत सुटली आणि एकाही खांबाला न धडकता बाबांच्या गळ्यात पडली.

मग दवंडी पिटली. दरसाल प्रत्येक मुलाचे डोळे तपासायचे, एक एक डोळा झाकून, आणि भिंतीवरचा मजकूर दरवेळी नवा. लिहायचं काम साळुंकीकडे. तिने पहिल्याच वर्षी राजगुरूंच्या पगडीची हकिकत लिहिली. पोरं ती मोठ्याने वाचत होती, आणि वैद्यराज नव्या चकत्या लावून हसत होते.