ब्रेकवाल्या बाईंचं उत्तर

अंबडला वृंदाताई कुलथे यांचा गाड्यांचे ब्रेक बनवणारा छोटा कारखाना होता. खराब तुकडा दिसला की कुणीही काम थांबवावं, असा नियम त्यांनी नुकताच केला होता. मोठ्या मोटार कंपनीचे दस्तूरसाहेब पाहणीला आले आणि नेमकं तेव्हाच यंत्रावर काम करणाऱ्या रझियाने लाल बटण दाबलं. सगळी यंत्रं थांबली.

साहेब कडाडले, "माझ्यासमोर काम बंद? असल्यांना मी ऑर्डर देत नसतो!"

कामगारांचे चेहरे उतरले. ऑर्डर गेली तर कारखान्याला टाळंच लागणार होतं.

वृंदाताई म्हणाल्या, "साहेब, आम्ही ब्रेक बनवतो. वेळेवर थांबणं आम्हालाच जमलं नाही, तर तुमच्या गाडीला कसं जमेल?"

साहेबांनी रझियाच्या हातातला तडकलेला तुकडा पाहिला आणि ते खो खो हसले.

"ऑर्डर तुमचीच, बाई!"

वृंदाताई मटकन खुर्चीत बसल्या आणि त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला.