खिंडीपर्यंतचे आशीर्वाद

एका गावात एक पार होता आणि त्या पारावर रस्त्याचे जाणकार बसायचे.

जाणकार तिघे. पाटील, गुरुजी आणि वैद्यबुवा. गावामागच्या डोंगरात एक खिंड होती, खिंडीपलीकडे नदी होती, आणि नदीच्या काठाने चालत राहिलं तर वर्ष-दीड वर्षाने समुद्र लागतो असं म्हणत. पलीकडे पाणी कुठे गोड आहे, माणसं कुठे लबाड आहेत, हे तिघे पोरांना रोज संध्याकाळी ऐकवायचे. एक गोष्ट मात्र कोणी विचारायचं नाही. तिघांपैकी एकानेही खिंड ओलांडलेली नव्हती. तरुणपणी तिघेही निघाले होते आणि तिघेही अर्ध्या चढावरून घरी आले होते.

त्याला कारण गावाची रीत. कोणी लांबच्या वाटेला निघालं की प्रत्येक घराने त्याला एक वस्तू द्यायची. "असू दे, लागेल," असं म्हणायचं आणि गाठोड्यात कोंबायची. याला आशीर्वाद म्हणत. आता आशीर्वादाला नाही कोण म्हणणार? निघणाऱ्याच्या पाठीवर पाट, परात, उखळ, देवाची समई असा अख्खा संसार चढायचा. अर्ध्या चढात गुडघे कुरकुरायचे, आणि माणूस माघारी. वर एक नियमही होता. जो एकदा परतला, त्याने पुन्हा निघायचं नाव काढायचं नाही. हा नियम कोणी केला? परतलेल्यांनीच. स्वतःला जमलं नाही ते दुसऱ्याला जमू नये, यासाठी म्हातारी माणसं फार कष्ट घेतात.

त्या गावात एक पोरगी होती. गुरुजींची शाळा तिने अर्ध्यात सोडली होती, त्यामुळे तिला काही कळत नाही यावर पाराचं एकमत होतं. तिला समुद्र बघायचा होता. धावत जाऊन धावत यायचं नव्हतं. वाटेतल्या गावांत राहायचं होतं, जिथे भाताची लावणी चालू असेल तिथे लावणी करायची, जिथे गोधड्या फाटल्या असतील तिथे टाके घालायचे, त्याच्या बदल्यात दोन वेळचं जेवायचं आणि पुढे निघायचं. गाठीला पैसा म्हणावा असा नव्हताच. पण हातातल्या कामाला वजन नसतं, हे तिला शाळा न संपवताही कळलं होतं.

आणि तिला हेही ठाऊक होतं की निघायची संधी एकदाच मिळते. परत आली तर जन्मभर पाराच्या गोष्टी ऐकायच्या.

म्हणून ती घाईने निघाली नाही. तिने आधी गाठोडं बांधलं, ते पाठीवर घेतलं आणि गावाच्या तळ्याला फेरी मारली. संध्याकाळी सोडून बघितलं. दिवसभरात जे हाताला लागलं नाही, ते घरात ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी. उशी गेली, आरसा गेला, सणाचं लुगडं गेलं.

पारावर करमणूक झाली.

"काय गं, कुठवर पोचलीस?" पाटील विचारायचे.

"तळ्यापर्यंत, पाटीलकाका."

"मग काय, समुद्र आलाच की!" आणि तिघे मांड्यांवर थापा मारून हसायचे.

पोरगी चुकलीही. एकदा उन्हाचे दिवस म्हणून तिने घोंगडी काढून ठेवली, आणि तळ्याच्या पलीकडच्या काठाला वळवाने गाठलं. कुडकुडत घरी आली आणि घोंगडी परत बांधली. नीट विचार केला तर घोंगडी अंथरूण होती, पांघरूण होती, पावसात खोळ होती. असं तिने एकेका वस्तूला विचारलं, की बाई, तू किती कामाची? जी एकाच कामाची निघाली ती घरी राहिली. शेवटी उरलं काय? घोंगडी, अंगावरचं धरून दोन लुगडी, एक लोटा, एक चाकू, सुई-दोरा, चकमक आणि मिठाची पुरचुंडी. गाठोडं इतकं छोटं झालं की ते काखेत मारून ती पळू शकत होती. पळून बघितलंही तिने.

निघायचा दिवस आला. सकाळीच सगळं गाव वेशीवर जमलं, आशीर्वाद घेऊन.

पाटलांनी आजोबांची गंजलेली तलवार आणली होती. "वाटेत चोर भेटतात पोरी. असू दे, लागेल."

गुरुजींनी पुस्तकांचा गठ्ठा पुढे केला. "शिकायला जमलं नाही, निदान वाहायला तरी जमेल."

वैद्यबुवांकडे दगडी खल आणि काढ्यांचे बुधले होते. शेजारच्या काकूंकडे लोणच्याची भलीमोठी बरणी. आणि सगळ्यांत मागे पोरीची आत्या, डोक्यावर पितळी हंडा घेऊन. आत्याही तरुणपणी एकदा निघाली होती. हाच हंडा तेव्हा तिला तिच्या आईने दिला होता, आणि याच हंड्याने अर्ध्या चढात मान अवघडून ती परतली होती. तेव्हापासून ती त्यात पाणी भरत होती.

पोरीने सगळ्यांकडे बघितलं. नाही म्हणावं तर आशीर्वाद नाकारल्याचा बोभाटा होणार आणि वेशीतच अडवणार. हो म्हणावं तर खिंड विसरायची.

ती म्हणाली, "सगळं घेते. एकही वस्तू मागे ठेवत नाही. फक्त एक करा. खिंडीत द्या."

"म्हणजे?"

"ज्याने त्याने आपला आशीर्वाद खिंडीपर्यंत आणायचा. तिथे माझ्या पाठीवर ठेवा. मी हूं की चूं करणार नाही."

पाटलांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "इतक्या लांब कशाला?"

"लांब कुठे काका? तुम्हीच तर रोज सांगता. खिंड म्हणजे पान खाऊन थुंकेपर्यंत येते."

वेशीवरची पोरंटोरं खुदकन हसली. आता माघार कशी घ्यायची? इतकी वर्षं ज्या चढाच्या बढाया मारल्या, तो चढ समोर उभा. पाटलांनी तलवार खांद्यावर टाकली, गुरुजींनी गठ्ठा छातीशी धरला आणि वरात निघाली. बाकीचं गाव पहिल्या वळणाआधीच एकेक करून गळालं.

पहिल्या वळणावर काकूंची बरणी जड झाली. सगळे टेकले, म्हणाले जरा चाखून बघू. चाखता चाखता बरणीचा तळ दिसला. "रिकामी बरणी कशाला नेतेस बाई," असं म्हणत काकू तिथूनच वळल्या. निदान खाऊन तरी गेल्या.

दुसऱ्या वळणावर वैद्यबुवा खाली बसले. खल मांडीवर होता. धापा टाकत म्हणाले, "पोरी, तुझी तब्येत ठणठणीत आहे. आणि तुळस काय, कुठेही उगवते. हे ओझं कशाला?"

"बघा हं बुवा. असू दे, लागेल."

"नाही गं, नाही लागणार!" वैद्यबुवा कळवळून म्हणाले.

थोडं वर गुरुजींनी गठ्ठा एका धोंड्यावर ठेवला. "सगळं तुझ्या डोक्यात आहेच. मीच शिकवलंय ना."

"कालपर्यंत माझ्या डोक्यात भुसा होता, गुरुजी."

गुरुजी गठ्ठ्याशेजारी बसले. दम लागला असावा.

पाटील मात्र हट्टाने चढत राहिले. बरोबर त्या ठिकाणापर्यंत, जिथून ते तरुणपणी परतले होते. तिथे त्यांनी तलवार टेकली आणि स्वतःही टेकले. मान खाली घालून म्हणाले, "तुझ्याजवळ चोरण्यासारखं आहे तरी काय? चोर येतीलच कशाला?"

"हेच मला वेशीवर म्हणायचं होतं काका. पण ते तुम्ही म्हटल्याशिवाय खरं होत नव्हतं."

पोरगी पुढे निघाली. मागे आता फक्त आत्या होती. घामाने निथळत होती, पण हंडा डोक्यावर ताठ. पोरगी म्हणाली, "आत्या, ठेव की गं तो. तुलाही नको झालाय."

"गप चाल," आत्या म्हणाली. "मागच्या खेपेला याने मला परत नेलं. या खेपेला मी याला वर नेणार."

आणि तिने नेला. खिंडीत पोचल्यावर तिने हंडा खाली उतरवला, पालथा घातला आणि त्यावर बसली. समोर पलीकडचा मुलूख पसरला होता. उन्हात नदी चमकत होती, वळण घेत घेत पार धुक्यात जात होती. पारावरच्या एकाही गोष्टीत ही नदी एवढी मोठी नव्हती. आत्या बघत राहिली. किती वर्षं ती हंडा भरत होती आणि हे सगळं तिच्या घरापासून एका चढावर होतं.

"तुझ्या गाठोड्यात अजून एकीची जागा आहे का गं?" तिने विचारलं.

"जागा गाठोड्यात कशाला हवी? चालायचं तर आहे."

आत्या उठली आणि पदर खोचला. खालून पाटील ओरडले, "अहो बाई, तुम्ही एकदा परतलाय! तुम्हाला पुन्हा जाता येत नाही! नियम आहे!"

आत्याने कमरेवर हात ठेवले आणि खाली बघितलं. तिघे जाणकार तीन वळणांवर बसले होते, आपापल्या आशीर्वादाशेजारी.

"मग या की वर," ती म्हणाली. "धरून न्या मला."

कोणी उठलं नाही. दोघी पलीकडे उतरल्या, दोघींत मिळून एक गाठोडं. उतारावर आत्या पुढे होती.

पुढच्या हंगामात खिंडीतून एक मीठविक्या आला. त्याने सांगितलं की नदीकाठी दोन बायका भेटल्या, ताठ मानेने चालणाऱ्या. धाकटीने कुठल्याशा गावात दुसरा चाकू घेतला होता, आणि थोरली तिला भर रस्त्यात झापत होती, "दोन कशाला? हात किती तुला?"

पारावर अजून तिघे बसतात. पोरीला हलकं करून आम्हीच पाठवलं, असं सांगतात. पण पोरं आता हसतात. ज्याला निघायचं असतं, तो वेशीवर एवढंच म्हणतो, "खिंडीत द्या." वेशीवर आशीर्वाद घेऊन कोणी येत नाही. हंडा खिंडीतच आहे, पालथा. निघालेला प्रत्येक जण त्यावर क्षणभर बसतो आणि पलीकडे उतरतो.

तात्पर्य, आणि हे मोठ्यांनी आधी वाचावं: जे ओझं तुम्हाला स्वतःला अर्धा चढ नेता आलं नाही, त्याला आशीर्वाद म्हणून पोरांच्या पाठीवर ठेवू नका. आणि पोरांनो, कोणी ठेवायला आलंच, तर भांडू नका. नम्रपणे सांगा, "आधी तुम्ही वर घेऊन चला."