मैनाची लाल मोटारसायकल

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात मैना कासार नावाची बांगडीवाली राहायची. वय पंचविशीचं. वडील लहानपणीच गेलेले. घरी ती आणि तिची आई शेवंताबाई. बांगड्यांची पेटी घेऊन एसटीनं बाजाराच्या गावी जायचं, दिवसभर बायकांचे हात भरायचे आणि एसटीनंच परत यायचं, असं तिचं आयुष्य चाललं होतं.

मैनाला मोटारसायकलींचं भारी वेड. एसटीच्या शेजारून एखादी गाडी सपकन पुढे गेली की ती दिसेनाशी होईपर्यंत मैना खिडकीतून मान काढून बघत बसायची. कुठली गाडी गेली, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. पण नवी गाडी घेणं काही तिच्या आवाक्यातलं नव्हतं.

एकदा बाजाराच्या गावी भंगारवाल्याच्या आवारात तिला एक लाल मोटारसायकल दिसली. शर्यतीच्या गाड्यांसारखी घडण, पुढे झुकलेली, रुंद टाकीची. पण गाडी फार जुनी होती. टाकीला गंज चढला होता. मागच्या चाकाच्या आरपार घाणेरीची फांदी वाढली होती.

“ही चालते का हो?” मैनानं विचारलं.

“चालत असती तर माझ्याकडं कशाला आली असती?” भंगारवाला हसला. “लोखंडाच्या भावात घेऊन जा. कागद आहेत, चावी आहे. बाकी तुझं नशीब.”

मैना दुपारभर त्या गाडीभोवती फिरली. तिची एसटी निघून गेली, तरी तिला भान नव्हतं. शेवटी घाणेरी कापून तिनं गाडी टेम्पोत घातली आणि घरी आणली.

शेवंताबाई दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “बाईमाणसाला गाडी हवी तर स्कूटी घ्यावी. ही कसली घोरपड आणलीस?”

“चालायला लागली की बघ, आई.”

“चालायला लागली की सांग. तोवर माझ्या तुळशीपासून लांब ठेव.”

गावात इलाही मिस्त्रीचं गॅरेज होतं. मैनानं त्याला गाडी दाखवली. इलाहीनं किक मारून पाहिली. किक जागची हलली नाही. त्यानं उकिडवं बसून गाडी खालून-वरून न्याहाळली.

“इंजिन जाम आहे, पोरी. पिस्टन आत सिलिंडरला चिकटून बसलाय. ठोकून काढता येईल, पण ठोकताना सिलिंडरला तडा गेला तर संपलं. या गाडीचे सुटे भाग आता कुणी बनवत नाही.”

“न ठोकता निघणार नाही का, चाचा?”

“निघेल की. आत तेल सोडायचं, रोज थोडं थोडं हलवायचं आणि वाट बघायची. पण वाट बघायला आजकाल कुणाला वेळ आहे?”

मैनाला हे नवं नव्हतं. एखादीचा हात जाडजूड असतो आणि बांगडी लहान असते. तिथं जोर केला तर बांगडी फुटते आणि मनगटही कापतं. हात सैल सोडायला सांगायचा, अंगठ्याचा सांधा हळूच दाबायचा, तिच्याशी बोलत राहायचं. मग बांगडी आपसूक मनगटावर चढते. हे ती रोज करत होती.

तिनं प्लग काढून त्या भोकातून आत तेल सोडलं. बाजाराहून आलं की गाडी गिअरमध्ये टाकायची आणि मागचं चाक दोन्ही हातांनी हळूच पुढे-मागे ढकलायचं, असा तिनं नेम धरला. चाक हलायचं नाही. ती पुन्हा थोडं तेल सोडायची आणि झाकून ठेवायची. असे बाजारामागून बाजार गेले.

तिच्याच वर्गात शिकलेला रणधीर एकदा तिकडून चालला होता. त्याच्या वडिलांचं खताचं मोठं दुकान होतं आणि दर दोन वर्षांनी त्याच्याकडे नवीकोरी मोटारसायकल यायची. मैनाचा खटाटोप बघून तो थांबला.

“मैने, काय गाडीला अंगाई म्हणतेस काय? हातोडा आण. एक घाव दोन तुकडे!”

“दोन तुकडेच होतील, रणधीर. म्हणून तर हातोडा आणत नाही.”

तो हसत निघून गेला.

आणि एका संध्याकाळी चाक नखभर हललं. मैनाला वाटलं, भास झाला. तिनं पुन्हा ढकललं. पुन्हा हललं. ती ओरडली तशी शेवंताबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. “काय झालं? चावलं का काही?”

“हललं गं आई, हललं!”

त्यानंतर मैनाच्या अंगात बळ संचारलं. इलाहीचाचा सांगायचा आणि ती करायची. इंजिन उघडून साफ केलं. कार्बोरेटरमधला कचरा काढला. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या. टाकीतला गंज निघेपर्यंत ती घासत राहिली. लागतील ते भाग तिनं कुठून कुठून मिळवले. काही जुन्या गाड्यांतून काढले, काही इलाहीनं लेथवर कातकाम करणाऱ्याकडून बनवून घेतले.

चैत्रात गावच्या सिद्धोबाची जत्रा असते. सिद्धोबाचं देऊळ डोंगरमाथ्यावर आहे आणि वर जायला वळणावळणाचा घाटरस्ता आहे. पालखी देवळात पोहोचली की गावकरी दोन्हीकडून रस्ता बंद करतात आणि मग तरुणांच्या मोटारसायकली घाट चढतात. जो पहिला वर पोहोचेल त्याला मानाचा फेटा.

जत्रा तोंडावर आली असताना मैनाची गाडी पहिल्यांदा सुरू झाली. तो आवाज ऐकून अर्धी गल्ली गोळा झाली. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. कुणीतरी परस्पर जाऊन शर्यतीत तिचं नाव देऊन आलं. मैनानंही नाही म्हटलं नाही. घाटाच्या वळणांवरून आपली लाल गाडी चाललीय, हे चित्र ती किती दिवस डोळ्यांसमोर बघत होती.

फक्त एक गोष्ट राहिली होती. पुढचा ब्रेक धरत नव्हता. त्याची आतली रबरं वाळून तडकली होती. नवी मागवली होती, ती आली नव्हती. इलाहीनं जुनीच साफ करून बसवली आणि सांगितलं, “गावात फिरायला चालेल. घाटाचं माझ्याच्यानं सांगवत नाही.”

जत्रेच्या दिवशी घाटाच्या तोंडाशी गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. ढोल वाजत होते. लाऊडस्पीकरवरून नावं पुकारली जात होती. “मैना कासार!” असं पुकारताच बायकांनी टाळ्या वाजवल्या. मैनानं हेल्मेट घातलं, गाडी रांगेत आणली आणि ब्रेकची मूठ दाबली. मूठ हँडलपर्यंत खाली गेली. पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

शेजारी रणधीर होता. त्यानं ते पाहिलं. “अगं, वर चढायला ब्रेक कशाला लागतो? वर जायचंय, खाली नाही!”

मागचे हसले. मैनाचा हात क्लचवर होता. इंजिन पायाखाली थरथरत होतं. एवढे महिने ज्याची वाट पाहिली ते समोर उभं होतं. सारा गाव बघत होता. तिला वाटलं, जावं. एकदाच तर जायचंय.

तिनं चावी फिरवली. इंजिन बंद झालं. हेल्मेट काढून ती म्हणाली, “आज नाही.”

मग ती गाडी ढकलत त्या गर्दीतून घरी निघाली. वाट करून देणारे थोडे होते, बोलणारे पुष्कळ. “आली मोठी शर्यत करणारी!” “म्हणून म्हणतो, बांगड्या भराव्यात!” कुणी शिट्टी वाजवली. घर येईपर्यंत मैनानं मान वर केली नाही. घरी आल्यावर मात्र तिला रडू आवरलं नाही.

शेवंताबाईनं तिला पाणी दिलं. “मी बघत होते गर्दीतून,” ती म्हणाली. “माझा जीव मुठीत होता. तू गेली असतीस तर मी काही तुला अडवू शकले नसते.” मग तिनं पदरानं मैनाचे डोळे पुसले. “ते रबर का काय, ते कुठं मिळतं? मी येते तुझ्याबरोबर.”

त्या वर्षी फेटा रणधीरला मिळाला.

रबरं आली. मैनानं ब्रेक मुळापासून उघडला. नळी बदलली, तेल बदललं, घासलेल्या चकतीच्या जागी नवी घातली. मागचाही ब्रेक तसाच केला. टायर बदलले. एकेक बोल्ट काढून, पुसून, पुन्हा आवळला. मग रोज सकाळी रस्ता मोकळा असताना ती घाटात जाऊ लागली. पण वेगानं चढायला नव्हे. ती थांबायला शिकत होती. थोडा वेग घ्यायचा आणि थांबायचं. अजून थोडा घ्यायचा आणि थांबायचं. गाडी किती अंतरात उभी राहते, कुठल्या वळणावर खडी असते, सावलीतला रस्ता कुठं ओलसर राहतो, हे तिला पाठ झालं. वर्षभर गाव तिला हसत होता. “अजून थांबायचाच सराव चाललाय का गं?” असं लोक विचारायचे. ती “हो” म्हणायची आणि पुढे जायची.

पुन्हा चैत्र आला. पुन्हा नाव पुकारलं गेलं. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. मैनानं ब्रेकची मूठ दाबली. मूठ दगडासारखी घट्ट होती.

निशाण पडलं. रणधीरची नवी गाडी पहिल्याच सरळ रस्त्यावर पुढे गेली. तिचं इंजिन ताकदीचं होतं. मैना तिसरी, मग दुसरी. पण पहिलं वळण आलं आणि तिच्या एक गोष्ट लक्षात आली. वळण दूर असतानाच रणधीर वेग कमी करत होता. ती मात्र वळणाच्या तोंडापर्यंत तशीच जात होती, तिथं ब्रेक दाबत होती आणि गाडी हुकमात असल्यासारखी वळत होती. सरळ रस्त्यावर तो पुढे जायचा, वळणावर ती त्याला गाठायची. दरवेळी अंतर थोडं कमी व्हायचं. देवळाखालच्या शेवटच्या वळणावर रणधीरनं वेग सोडला. मैनानं सोडला नाही. ती त्याच्या शेजारून आत शिरली, नेमक्या जागी ब्रेक दाबला, गाडी आडवी कलली, सरळ झाली आणि उधळली.

देवळाच्या कमानीखाली मैना पहिली पोहोचली!

ढोल असे वाजले की डोंगरावरची कबुतरं उडाली. इलाहीचाचानं टोपी काढून हवेत उडवली. बायका तर देवळाच्या पायऱ्यांवरून धावतच आल्या.

रणधीर मागोमाग आला. हेल्मेट काढून तो तिच्याकडे बघत राहिला. “माझी गाडी तुझ्यापेक्षा जोरात पळते, मैने. मग तू पुढे गेलीस कशी?”

“तू वळणाच्या फार आधीच वेग सोडत होतास.”

“भीती वाटते. तुला नाही वाटली?”

“गाडी थांबेल, हे मला माहीत होतं.”

पंच म्हणून बसलेले आबा फेटा हातात घेऊन घुटमळले. “आजवर बाईच्या डोक्याला हा फेटा बांधला नाही बुवा.”

“डोकं आहे ना? मग बांधा की!” शेवंताबाई म्हणाली. लोक खळखळून हसले. रणधीरनं आबांच्या हातातला फेटा घेतला आणि स्वतः मैनाच्या डोक्याला बांधला. अगदी नीट, तुरा काढून.

उतरताना शेवंताबाई मागच्या उंच सीटवर बसली. पदर खोचून, मैनाला घट्ट धरून. “सावकाश ने गं बाई,” ती म्हणाली. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. गाडी प्रत्येक वळणावर लोण्यात सुरी फिरावी तशी फिरत होती. दोन्ही बाजूंना गावकरी हात हलवत होते.

तिसऱ्या वळणानंतर मागून आवाज आला, “जरा जोरात ने की! लोकांना दिसू दे!”

तात्पर्य: ज्याला योग्य वेळी थांबता येतं, त्यालाच निर्धास्त पुढे जाता येतं; आणि लोकांच्या हसण्याला भिऊन काम अर्धवट सोडू नये.