ठकूआईचा बांध

पिंपळबारीच्या वेशीवरच्या चिंचा अजून रोपटी होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

परमुलखातलं सैन्य घाट उतरून आलं आणि पंधरा दिवसांत सारा मुलूख घेऊन बसलं. आपला राजा पळाला. त्याची फौज मागं हटत वाकी नदीपाशी आली आणि शत्रूला अडवायला तिनं नदीवरचा बांध फोडला. शत्रू काही अडला नाही. पिंपळबारीचं पाणी मात्र वाहून गेलं.

ठकूआई त्या बांधाची पाटकरीण. पाटाचं पाणी पाळीपाळीनं शेतांत सोडायचं काम तिच्या नवऱ्याचं; तो गेल्यावर फावडं तिनं उचललं. तिचा एकुलता एक मुलगा भिका त्याच फौजेत होता आणि परत आला नव्हता. ती कुणाला काही विचारत नसे. पण असं म्हणतात, वाटेवर पाऊल वाजलं की तिचा हात कामात असला तरी थांबायचा.

आता जिंकलेल्या सैन्याच्या सरदारापुढं प्रश्न उभा राहिला. हरलेल्या फौजेतल्या, हाती लागलेल्या हजार माणसांचं करायचं काय? त्यानं हत्यारं काढून घेतली आणि तीनशे जणांना घरी जा म्हणून सोडून दिलं. पोटात दाणा नाही, हाताला काम नाही, डोक्यावर जमादार नाही. आठ दिवसांत तीन गावांच्या कणग्या फुटल्या आणि एक गाव जळालं. सरदार भडकला. उरलेल्या सातशेंना त्यानं नदीच्या वाळूत बसवलं आणि म्हणाला, उद्या यांची मुंडकी उडवा. गावानंही हळहळ केली नाही. आपला बांध फोडणारे हेच, लोक म्हणाले.

ठकूआई फावडं खांद्यावर टाकून छावणीत गेली.

पहारेकरी हसला. ‘म्हातारे, फौज घेऊन आलीस काय?’

‘न्यायला आलेय,’ ती म्हणाली.

सरदारापुढं उभी राहून तिनं सांगितलं, ‘बांध यांनी फोडला. हेच बांधतील.’

‘आणि लुटायला लागले तर?’

‘तू सुटे सोडलेस, म्हणून लुटलं. पाट एकदम मोकळा केला की पाणी शेत धुऊन नेतं. पाणी तेच असतं, बाबा. यांची हत्यारं ठेव तुझ्यापाशी. पण पथकं मोडू नको, जमादार यांचेच राहू देत, आणि खायला धान्य दे. आखाजीला पाट वाहिला नाही, तर यांच्याबरोबर माझंही मुंडकं घे.’

‘तुझं घेऊन काय करू?’

‘मग घेऊ नको.’

सरदार तिच्या फावड्याकडं बघून हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी रांग लागली. ठकूआईनं नेम घालून दिला, आधी दगड, मग भाकर, मग नाव. म्हाळोजी जमादार पुढं आला.

‘आई, नाव तरी आधी विचार. चोर कोण, साव कोण, कळायला नको?’

‘बांध झाल्यावर सांग. आत्ता कळलं तर गाव तुमच्या नावानं खडे फोडेल. तुम्ही तूर्त दगड फोडा.’

तीन दिवस गावानं लांबून पाहिलं. चौथ्या दिवशी बाया टोपलं भरून भाकरी घेऊन आल्या. मग रानात लुटारू होऊन हिंडणारे ते तीनशेही एकेक करून आले आणि मान खाली घालून रांगेत उभे राहिले. त्यांनाही कुणी नाव विचारलं नाही. असं म्हणतात, त्या टोपल्यातली भाकर चाळीस दिवस सरली नाही. असं म्हणतात, वीस जणांना न हललेला कातळ ठकूआईनं फावड्याचा दांडा टेकवताच गडगडत आपल्या जागी जाऊन बसला.

अक्षय्य तृतीयेची आखाजी उजाडली. वैशाखातली वाकी, करंगळीएवढी धार. सरदार घोड्यावरूनच म्हणाला, ‘बांध दिसतोय. पाणी कुठाय?’

ठकूआई बांधावर बसली. ‘आता नावं सांगा,’ ती म्हणाली.

एकेक जण आपल्या दगडावर हात ठेवून आपलं, बापाचं आणि गावाचं नाव सांगू लागला. असं म्हणतात, दर नावाला पाणी चढत गेलं. हजार नावं झाली तेव्हा ते पाटाच्या तोंडाशी आलं होतं. ठकूआईनं शेवटचं नावही नीट ऐकून घेतलं. भिकाचं नाव त्यांत नव्हतं.

बांधाच्या मध्यावर एका दगडाची जागा उरली होती. म्हाळोजी दगड घेऊन आला. ‘आई, एवढा बसवू?’

‘नको. एकाचं नाव यायचंय.’

म्हाळोजीला ते नाव ठाऊक होतं, असं म्हणतात. त्यानं तोंड उघडलं. ठकूआई म्हणाली, ‘आधी जेव.’ आणि उठून तिनं पाट उघडला.

सरदारानं त्या हजार जणांना पाटाच्या टोकाची पडीक जमीन दिली. ठकूआईनं पहिली पाळी टोकालाच ठेवली. ती पाळी आजही टोकालाच आहे. पिंपळबारीत कुणी परका आला, तर आधी त्याच्या हाती बांधावर ठेवायला एक दगड देतात, मग भाकर, आणि नाव शेवटी विचारतात. बांधातल्या त्या मोकळ्या जागेतून बारमाही धार पडते. आखाजीला गाव तिच्याखाली घागरी भरतं, आणि ज्याच्या घरचं कुणी परतलं नाही, त्याची घागर पहिली.

मध्ये एकदा डागडुजीला आलेला गवंडी ते भोक बुजवायला निघाला, तर काठावरचे म्हातारे ओरडले, ‘अरे, हात लावू नको! त्या जागेचा माणूस यायचाय.’