नागरबाईची बाज

“आप्पा, आई दगडाला भ्याली असती तर मी समजलो असतो. पण लोखंडाला काय भ्यायचं?”

मन्मथने विचारलं आणि स्वतः उभारलेल्या घराच्या भिंतीवर थाप मारली. आप्पांनी भिंतीकडे पाहिलं. मग अंगणात, कडुनिंबाखाली टाकलेल्या बाजेकडे पाहिलं.

आप्पा गावच्या मठाचे स्वामी. मन्मथ त्यांच्याच पायाशी बसून अक्षरं शिकला आणि पुढे इंजिनिअर झाला. भूकंपात गाव जमीनदोस्त झालं तेव्हा तो शहरात, वसतिगृहात होता. धाकटी बहीण कस्तुरा घराच्या मातीच्या माळवदाखाली सापडून गेली. आई नागरबाई पहाटे उठून अंगणात म्हशीला वैरण टाकत होती, म्हणून वाचली.

तेव्हापासून त्याला एकच ध्यास. भूकंपाला पुरून उरेल असं घर. पोलादी सांगाडे कारखान्यात घडवायचे, खोल्याच्या खोल्या ट्रकवरून आणायच्या आणि जागेवर नटबोल्टांनी जोडायच्या. पहिलं घर त्यानं आईला दिलं. तिनं देव आत मांडले, चूल आत मांडली. झोपायची बाज मात्र अंगणातच ठेवली. पाऊस आला की ओसरीच्या पत्र्याखाली ओढायची, पण उंबऱ्याच्या आत नाही.

“यंदा तिची छाती भरलीय, आप्पा. डॉक्टर म्हणाले, एवढा हिवाळा बाहेर काढला तर ती हाताला लागायची नाही.”

मन्मथने पुन्हा भिंतीवर थाप मारली.

“जमीन हलली तर हे घर हलेल, डुलेल, पण पडणार नाही. यंत्रावर चढवून हलवून पाहिलंय. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. तुमचा शब्द ती मोडायची नाही. तुम्ही सांगा... आणि लोकही हसतात हो. म्हणतात, ज्याची आई आत निजत नाही, त्याचं घर आम्ही कशाला घ्यावं?”

“म्हणजे दुखणं खोकल्याचं का हसण्याचं?”

मन्मथ ओशाळला. दिव्याखाली अंधार असतो तो असा.

“...दोन्हीचं,” तो म्हणाला.

आप्पा उठले. खांद्यावरची घोंगडी घेतली, दार लोटून आत गेले आणि जमिनीवर घोंगडी अंथरून सरळ आडवे झाले.

मन्मथचा चेहरा उजळला. “बघा! तुम्हाला नाही भीती वाटली.”

“मला आत कुणी बोलावलं?”

“कुणीच नाही. तुम्ही आपण होऊन आलात.”

“आता हे घर पडलं आन् मी मेलो, तर कुणाच्या जिवाला लागंल?”

“पण ते पडणारच नाही, आप्पा!”

“ते मी इचारलं न्हाई.”

आप्पा उठून बसले.

“त्या राती कस्तुरा कुठं निजली होती?”

“घरात.”

“त्याच्या आधी?”

“आधी म्हणजे...?”

आणि त्याला आठवलं. दुखवट्याला आलेली शेजारीण बोलली होती. त्यानं ऐकलं होतं आणि रडण्याच्या गलक्यात कानाआड केलं होतं. कस्तुरा त्या रात्री अंगणातच निजली होती. दव पडायला लागलं, तशी आईनं तिला हलवून उठवलं. पोरगी नको नको म्हणत होती. आई म्हणाली, बाधंल बाई, आत चल.

इतकी वर्षं तो भिंतींची गणितं मांडत बसला होता. मन्मथला भडभडून आलं. तो दाराला टेकून खाली बसला.

“आप्पा, ती घराला भीत नाही... ‘आत चल’ या आपल्याच शब्दाला भिते.”



तिन्हीसांजेची वेळ. डोक्यावर गवताचा भारा घेऊन नागरबाई काट्यांच्या कुपाटीतून अंगणात आली. भारा टाकला आणि खोकत खोकत बाजेवर टेकली. खोकल्याची उबळ काही केल्या थांबेना. मन्मथने डोळे पुसले.

“काय सांगू तिला?” त्यानं हलकेच विचारलं. “तुम्ही शब्द सुचवा, तसं सांगतो.”

“सांगू नकोस,” आप्पा म्हणाले. “‘आत चल’ हे तिच्याच तोंडून येऊ दे. तिच्यापुढं जाऊन हुबा ऱ्हा आन् इचार... आई, मी कुठं निजू?”