धुराच्या कपाटाला हाक

“मग चूक कुठे आहे, मामा? माझ्या डब्यात, की मांसात?”

बस्त्यावमामा लसूण सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

ॲल्विनने ताट पुढे सरकवलं. ताटात डुकराच्या मांडीचा मोठा तुकडा होता. बाहेरून काळाठिक्कर आणि चामड्यासारखा चिवट. मधोमध कापला होता, तिथे हाडालगत अजून कच्चा, गुलाबी.

“हा तिसरा,” ॲल्विन म्हणाला.

“दिसतंय.”

“तीनही असेच.”

“हं...”

मामांनी पुढची पाकळी उचलली.

ॲल्विन तुस्कानो पॉलिटेक्निकमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन शिकवायचा. वसई पट्ट्यातल्या त्या गावात कुणाचा पंप बिघडो, कुणाचा इन्व्हर्टर रुसो, लोक आधी त्याच्याकडे यायचे. ॲल्विनचा हात लागला की यंत्र वळणावर येतं, असं गाव म्हणायचं. ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

बस्त्यावमामांनी आयुष्यात यंत्र म्हणून एक सायकल वापरली होती. पण घरामागच्या मातीच्या खोपटात चाळीस वर्षं त्यांनी मांसाला धूर दिला. पेरूचं लाकूड, दमट भुसा, आणि दाराशी बसलेले मामा. बस्स. गावच्या सणाला मिस्सा संपली की चर्चच्या हॉलमध्ये एक पंगत बसायची, ज्यांच्या घरी रांधायला कुणी उरलं नाही अशा म्हाताऱ्यांची. त्या पंगतीत मामांच्या धुरातलं मांस असायचंच. दात नसलेल्यांनाही ते खाता यायचं.

गेल्या हिवाळ्यात मामांना दम लागला. डॉक्टरांनी सांगितलं, धुरात बसणं बंद.

सणाच्या बैठकीत फादर म्हणाले, “यंदा पंगतीला दुसरं काहीतरी करावं लागेल.”

तेव्हा ॲल्विन उभा राहिला होता. “दुसरं कशाला? मी करतो. विजेवर करतो. धुरात कुणी बसायला नको.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांना विचारायचं ॲल्विनच्या लक्षात आलं नाही. 

मग महिनाभर ॲल्विन खपला. बंद पडलेल्या एका हॉटेलातलं स्टीलचं कपाट त्याने मिळवलं. तळाशी हीटर बसवला, हीटरवर भुशाचा ट्रे, वर मांस टांगायला आकडे. आणि कपाटाच्या बाजूला त्याचा डबा. आतलं तापमान मोजणारा, कमी झालं की हीटर चालू करणारा, वाढलं की बंद करणारा. तो सगळा त्याने स्वतः जोडला होता, घरच्या टेबलावर, सुट्टीच्या दिवसांत. लाल आकडे लखलख चमकायचे.

कपाट टेम्पोत घालून त्याने मामांच्या अंगणात आणून ठेवलं, तेव्हा छाती काढून तो म्हणाला होता, “मामा, हा सेकंदाला दहा वेळा तापमान बघतो. तुम्ही दिवसातून किती वेळा बघायचात?”

“मी बघत नव्हतो,” मामा म्हणाले होते.

ॲल्विनला तेव्हा हसू आलं होतं.

आज हसू येत नव्हतं. आज मंगळवार. सण रविवारी होता.

“मी एकशे पाचवर लावतो, मामा,” तो सांगू लागला. “तर ते एकशे पंचवीसवर जातं. हीटर बंद होतो, तर पंचाऐंशीला घसरतं. मग मी डबा आणखी कडक केला. जरा खाली आलं की लगेच पूर्ण आच, जरा वर गेलं की लगेच बंद. तर आणखीच हेलकावे खातंय. वर भाजतंय, आत पोचतच नाही. मी काय करायचं बाकी ठेवलंय, सांगा...”

कपाट रिकामंच चालू होतं. डब्यातून आवाज येत होता. टक. टक-टक. टक.

मामांनी सोललेला लसूण वाडग्यात टाकला.

“चहा घेशील?”

“मामा, मी विचारतोय ते...”

“चहा घेशील का?”

“... घेईन.”

“फिलूला हाक मार.”

फिलूबाय मामांची धाकटी बहीण. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी थकलेली. तिचं स्वयंपाकघर विहिरीच्या पलीकडे, केळीच्या आड होतं.

“फिलूबाय! चहा!” ॲल्विन ओरडला.

उत्तर आलं नाही.

“फिलूबाय! दोन कप!”

केळीची पानं हलली. वाऱ्यानेच.

ॲल्विनने घड्याळ बघितलं. “झोपल्या असतील. राहू दे... फिलूबाय! चहा राहू दे, पाणीच आणा!”

मामा लसूण सोलत होते.

“फिलूबाय! ऐकू येतंय ना?”

बऱ्याच वेळाने फिलूबाय केळीतून बाहेर आली. एक हात गुडघ्यावर, दुसरा कमरेवर. दोन्ही हात रिकामे.

“काय रे, आग लागली काय?” ती म्हणाली. “चहा म्हणालास, मी आधण ठेवलं. दोन कप म्हणालास, तर दूध पुरेना, म्हणून शेजारी निघाले. निम्म्या वाटेत पाणी म्हणालास. परत येऊन गॅस बंद केला, माठाकडे वळले. तर पुन्हा बोंब! तरणी माणसं तरी एवढी धावत नाहीत. आता नीट सांग, काय हवंय तुला?”

ॲल्विनचे कान लाल झाले.

“चहा...” तो म्हणाला.

“मग तेवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं!”

ती गेली.

विहिरीच्या कठड्यावर एक साळुंकी येऊन बसली, उडून गेली. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. ॲल्विनच्या ओठावर पुन्हा हाक आली होती, ती त्याने गिळली.

थोड्या वेळाने चहा आला. आलं घातलेला, दोन कप, वर साय.

फिलूबाय परत वळल्यावर मामा म्हणाले, “ती पहिल्याच हाकेला उठली होती.”

ॲल्विनने कप तोंडाला लावला. एक घोट घेतला. दुसरा घेतला नाही.

टक. टक-टक. टक.

तो डब्याकडे बघत राहिला. मग उठला, कपाटाजवळ गेला, आणि प्लग काढून टाकला.

अंगण एकदम शांत झालं.

“मामा,” तो हळू आवाजात म्हणाला, “कपाटाला उठायला किती वेळ लागतो?”

“मला काय ठाऊक? कपाट तुझं.”

बुधवारी कॉलेजला रजा टाकून ॲल्विन सकाळीच आला. त्याने डब्याच्या तारा सोडवल्या. हीटरला साधं बटण लावलं. फक्त लाल आकडे चालू ठेवले.

“आज डबा काही करणार नाही,” तो म्हणाला. “मी दहा मिनिटं आच देणार, बंद करणार, आणि बघणार.”

“रिकाम्या कपाटाला विचारणार?” मामांनी विचारलं.

ॲल्विन थबकला.

मामा आत गेले. शिर्का, मीठ, मिरी आणि लसणात दोन दिवस मुरलेली एक मांडी घेऊन आले. ॲल्विनने ती आकड्याला टांगली, दार लावलं, बटण दाबलं. दहा मिनिटांनी बटण बंद केलं.

आकडा होता सत्तर.

हीटर बंद होता. आकडा चढत राहिला. चौऱ्याहत्तर. एकोणऐंशी.

ॲल्विन कपाटापुढे उकिडवा बसला होता. ऐंशीच्या पुढे आकडा गेला तसं त्याचं बोट आपोआप बटणाकडे गेलं. काय दाबणार होता, त्यालाच कळलं नाही. बटण तर आधीच बंद होतं. बोट मागे आलं. थोड्या वेळाने पुन्हा गेलं.

मामांनी लसणाचा एक गड्डा त्याच्या हातात ठेवला.

“बोटांना काम दे.”

ॲल्विन लसूण सोलू लागला. सोलताना डोळे आकड्यांवरच. अठ्ठ्याऐंशी. ब्याण्णव. पंचाण्णव. शहाण्णव... शहाण्णव...

मग पंचाण्णव.

त्याने घड्याळ बघितलं. सात मिनिटं झाली होती.

सात मिनिटं. आच बंद केल्यावरही ती सात मिनिटं चालत राहिली होती. लोखंडात, हवेत, मांसात. एका महिन्यात त्याने कपाटाला सलग सात मिनिटं सुखाने सोडलं नव्हतं. एक आच पोचायच्या आत दुसरी पाठवली होती, दुसरी पोचायच्या आत दोन्ही तोडल्या होत्या. आणि मग कपाटावर चिडला होता.

सगळ्यात लाज कशाची वाटली? हाच आलेख तो अठरा वर्षं फळ्यावर काढत होता. आच इथे दिली, उत्तर तिथे आलं, मधलं अंतर पोरांनी वहीत मोजायचं. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असायचा. पेपरही तोच काढायचा.

“मला हे येत होतं, मामा...” तो म्हणाला.

“असेल.”

“शिकवतो मी हे.”

“असेल की.”

त्या दिवशी त्याने तीनदा आच दिली आणि तीनदा थांबला. दुपारी फिलूबायने भात आणि बोंबलाचं कालवण आणून दिलं, ते त्याने कपाटाकडे तोंड करूनच खाल्लं. संध्याकाळपर्यंत वहीची चार पानं भरली.

डब्यातली आज्ञावली त्याने पुसली आणि नव्याने लिहिली. जुनीच्या निम्मीसुद्धा नव्हती. नवा डबा थोडी आच द्यायचा, आणि वाट बघायचा. आकडा एकशे पाचला पोचायच्या बराच आधी हात आखडता घ्यायचा. उरलेली वाट आच आपली आपण चालायची.

गुरुवारी एक मांडी लावली. आकडा एकशे तीन आणि एकशे सहाच्या मध्ये रेंगाळत राहिला. डब्याचा टक आवाज इतक्या उशिराने यायचा की ॲल्विन दोनदा दचकला. बंद पडला की काय?

दिवस कलायच्या आधी दार उघडलं. मांडीवर खजुराचा रंग चढला होता. मामांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. सुरी हाडापर्यंत नेली, ती अडली नाही. पातळ काप काढला आणि आधी बहिणीच्या हातात दिला.

फिलूबाय बराच वेळ चावत राहिली.

“कसं आहे?” ॲल्विनने विचारलं. विचारलं आणि तोंड मिटलं.

ती आणखी थोडं चावली. गिळलं. पदराने ओठ टिपले.

“कसं म्हणजे? बस्त्यावच्या धुरातलं आहे तसंच आहे.”

ॲल्विन केळीकडे तोंड करून उभा राहिला. भरून आलेले डोळे त्याला कुणाला दाखवायचे नव्हते.

शनिवारी उजाडल्यापासून कपाट भरून मांस लागलं. रविवारी मिस्सा झाली, पंगत बसली. रोझीबाय नावाच्या नव्वदीच्या म्हातारीने, जिला एकही दात नव्हता, दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. फादर उभे राहून म्हणाले, “या मांसाचं श्रेय ॲल्विनला.” लोक त्याच्याकडे बघू लागले. महिन्यापूर्वी तो अशा वेळी लगेच उठला असता. आज बसून राहिला. वाढणाऱ्याला म्हणाला, “मामांच्या पानात वाढ.”

सोमवारी तो पुन्हा मामांच्या अंगणात आला. कपाट आता इथेच राहणार होतं. त्याने त्याला पत्र्याचं छप्पर केलं, तारा नळीतून नीट ओढून घेतल्या, आणि मोठ्या अक्षरांत एक कागद लिहून मामांच्या घरातल्या भिंतीवर चिकटवला. भुसा किती, बटण कुठलं, दार कधी उघडायचं.

मामांनी एक मांडी टांगली. ॲल्विनने बटण दाबलं. थोड्या वेळाने पेरूचा निळसर धूर वरच्या भोकातून निघाला आणि वाऱ्याबरोबर विहिरीपलीकडे जाऊ लागला.

“झालं,” ॲल्विन म्हणाला. “आता संध्याकाळपर्यंत बघायचं नाही. तुम्ही घरात जा, आराम करा.”

मामा घरात गेले. खुर्ची घेऊन बाहेर आले.

वारा कुठून आहे ते त्यांनी पाहिलं. ज्या बाजूला धूर येत नव्हता तिथे, कपाटापासून चार हातांवर, त्यांनी खुर्ची मांडली आणि बसले. हात मांडीवर, नजर कपाटाच्या बंद दारावर.

“मामा...”

“हं.”

“आता इथे बसायची गरज नाही, म्हणतोय मी.”

डब्यात एकदा टक झालं.

“गरज आधी तरी कुठे होती?” ते म्हणाले.